क्रोशाचे विणकाम : टाक्यांची नावे व त्यांची कृती
(शिकाऊ भगिनींसाठी व वर्ग चालविणाऱ्या उपदेशकांसाठी पाठ)

वाचावयाचा शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९, वचने ३६ ते ४२.



चंदगडाकडील खेड्यांतून क्रोशाची सुई ही काही नवी वस्तू नव्हे. एखाद्या घरी दारावरचे तोरण, एखाद्या घरी ताटावरचा रुमाल, तर कोठे लेकराची लोकरीची टोपी दृष्टीस पडते. परंतु विणणाऱ्या बहिणीला हा टाका कोणता असे विचारले, तर ती पुष्कळदा म्हणते, "नाव ठाऊक नाही, असे करायचे एवढे ठाऊक." तिने आईचे किंवा जावेचे हात पाहून जे उचलले तेवढेच तिला येते. नवा नमुना हाती आला की ती थांबते, आणि तो कोणी येऊन दाखवीपर्यंत थांबूनच राहते.

ह्यात हानी आहे. ज्या हाताला काम येते पण कामाचे शब्द येत नाहीत, तो हात नेहमी दुसऱ्याच्या सांगण्यावर चालतो. म्हणून ह्या पाठात आम्ही क्रोशाचे नेहमीचे टाके, त्यांची नावे व त्यांची कृती क्रमाने देत आहोत. उपदेशकांनी हा पाठ वर्गात मोठ्याने वाचावा, प्रत्येक टाक्यापाशी थांबावे, आणि सर्वांच्या सुईवर तो उतरल्यावाचून पुढे जाऊ नये.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करणे बरे. दुर्कस विणीत होती म्हणून आपणही क्रोशे विणावे, असे कोणी शिकवू नये. तिने अंगरखे व वस्त्रे केली एवढेच शास्त्र सांगते. क्रोशाची कला आजच्या रूपात एकोणिसाव्या शतकात पुढे आली. तिचे छापील नमुने १८२३ च्या सुमारास हॉलंडातील एका मासिकात प्रथम दिसतात. दुर्कसेपासून घ्यावयाचा धडा निराळा आहे, व तो शेवटी येईल.

१. साहित्य

क्रोशाला सुई एकच. तिच्या टोकाला आकडी असते, व त्या आकडीने दोरा फासातून ओढून काढावयाचा असतो. शिकाऊ बहिणीने पांढऱ्या बारीक दोऱ्याने आरंभ करू नये. त्यात फास दिसत नाहीत व मन खचते. चार पदरी लोकर फिकट रंगाची घ्यावी आणि सुई साडेतीन ते चार मिलिमीटर जाडीची घ्यावी. हात बसल्यावर सुती दोऱ्याकडे वळावे. दोऱ्याच्या गुंड्यावर १०, २०, ४० असे आकडे असतात. आकडा जसा वाढतो तसा दोरा बारीक होतो. बारीक दोऱ्याच्या पोलादी सुयांचेही तसेच : आकडा मोठा, सुई लहान.

आपल्या भागासाठी दोन सूचना. पावसाळ्यात पोलादी सुई गंजते, व गंजाचा डाग पांढऱ्या दोऱ्यावरून सहजासहजी जात नाही. म्हणून काम झाल्यावर सुई कोरड्या फडक्याने पुसून दोऱ्यासह झाकणाच्या डब्यात ठेवावी. दुसरी सूचना काजूच्या कामावर जाणाऱ्या बहिणींसाठी. काजूच्या टरफलातील तेल कातडी पोळते व हात काळे करते. त्या दिवशी हात स्वच्छ होऊन बरे वाटेपर्यंत पांढरा दोरा हाती घेऊ नये.

सुई लेखणीसारखी धरावी की सुरीसारखी, ह्याविषयी वाद नको. ज्या रीतीने हात अवघडत नाही ती रीत योग्य. डावखुऱ्या मुलीला दटावून उजव्या हाताने विणावयास लावू नये. तिने समोर बसून, आरशात पाहावे तसे, शिकावे.

२. मूळचे शब्द

फास : सुईवर अडकलेला दोऱ्याचा वेढा. विणताना सुईवर किती फास आहेत हे मोजता आले की अर्धी विद्या आली.

वेढा घेणे : दोरा सुईभोवती मागून पुढे घेणे. प्रत्येक टाक्यात ही क्रिया येते.

सरकगाठ : आरंभीची गाठ. दोऱ्याचे टोक ओढले असता ती सैल किंवा घट्ट होते. ती टाक्यात मोजावयाची नसते.

माथा : विणलेल्या टाक्याच्या वरच्या बाजूस वेणीच्या पेडांसारखे दोन दोरे दिसतात, तो माथा. नमुन्यात वेगळे सांगितले नसेल तर सुई नेहमी ह्या दोन्ही दोऱ्यांखालून घालावी. एकाच दोऱ्याखालून घातली तर कापडावर उभारलेली रेघ येते.

३. टाके

(अ) साखळी. सुईवर एक फास आहे. वेढा घ्यावा व तो फासातून ओढून काढावा. झाली एक साखळी. सर्व कामाचा पाया हाच. साखळ्या फार घट्ट आल्या तर पुढच्या ओळीत सुई शिरत नाही. म्हणून प्रथम पन्नास साखळ्या घालून उसवाव्या, पुन्हा घालाव्या, व त्या सारख्या दिसू लागेपर्यंत हाच अभ्यास करावा.

(आ) सरकता टाका. सुई टाक्यात घालावी, वेढा घ्यावा, आणि तो टाक्यातून व सुईवरच्या फासातून एकदमच ओढून काढावा. ह्याला उंची नसते. गोल जोडण्यासाठी, किंवा काम न वाढविता पुढे सरकण्यासाठी तो उपयोगी पडतो.

(इ) मुका खांब. सुई टाक्यात घालून वेढा घ्यावा व बाहेर ओढावा. सुईवर दोन फास होतील. पुन्हा वेढा घेऊन दोन्हींतून ओढावा. हा आखूड टाका असून त्याचे कापड घट्ट होते. पिशवी, टोपीचा काठ, आसन ह्यांस तो योग्य.

(ई) अर्धा खांब. आधी सुईवर वेढा घ्यावा, मग सुई टाक्यात घालून दोरा ओढावा. सुईवर तीन फास होतील. पुन्हा वेढा घेऊन तिन्हींतून एकदम ओढावा.

(उ) खांब. आरंभ अर्ध्या खांबासारखाच. सुईवर तीन फास होतात. परंतु आता वेढा घेऊन फक्त दोन फासांतून ओढावा. सुईवर दोन उरतील. पुन्हा वेढा घेऊन त्या दोन्हींतून ओढावा. ओटीच्या खांबासारखा हा उभा दिसतो, आणि दोन खांबांमध्ये साखळी घातली म्हणजे जाळी होते. तोरणे व रुमाल बहुतेक ह्याच टाक्यावर उभे असतात.

(ऊ) दुहेरी खांब. आधी दोन वेढे घ्यावे, मग सुई टाक्यात घालून दोरा ओढावा. सुईवर चार फास होतील. मग दोन दोन फासांतून असे तीन वेळा ओढावे. हा सर्वांत उंच व सर्वांत सैल.

टाक्यांच्या नावांत गावोगाव फरक पडू शकतो. म्हणून नाव पाठ करताना त्याबरोबर फासांची संख्याही पाठ करावी : मुक्याला दोन, अर्ध्याला तीन एकदम, खांबाला तीन दोन वेळांत, दुहेरीला चार तीन वेळांत. नाव बदलले तरी ही गणती बदलत नाही.

४. ओळ पलटताना

सरळ कापड विणताना एक ओळ संपली की काम पलटावे लागते. नवी ओळ टाक्याइतक्या उंचीवर चढविण्यासाठी काही साखळ्या घालतात. मुक्या खांबास १, अर्ध्यास २, खांबास ३, दुहेरीस ४.

येथेच नवशिक्यांचे काम बिघडते. पंधरा टाक्यांनी आरंभ केलेली पट्टी दहा ओळींनंतर बारा टाक्यांची होते, आणि चौकोनाचा त्रिकोण होऊ लागतो. कारण साधे आहे. मुक्या खांबाची एक साखळी टाका म्हणून मोजीत नाहीत. पहिला टाका लगेच पहिल्याच माथ्यात घालावा. परंतु खांबाच्या तीन साखळ्या हाच पहिला खांब होय. म्हणून खालच्या ओळीचा पहिला माथा सोडावा, व ओळीच्या शेवटी खालच्या तीन साखळ्यांच्या टोकात एक खांब न चुकता घालावा. हा शेवटचा खांब विसरला की प्रत्येक ओळीत एक टाका कमी होतो.

अभ्यासासाठी पंधरा टाक्यांची पट्टी अशी करावी. मुक्या खांबासाठी १६ साखळ्या घालून सुईपासून दुसऱ्या साखळीत आरंभ करावा. खांबासाठी १७ साखळ्या घालून चौथ्या साखळीत आरंभ करावा. सुटलेल्या तीन साखळ्या हा पहिला खांब. प्रत्येक ओळीच्या शेवटी मोठ्याने मोजावे. वीस ओळींनंतरही पंधराच टाके असले, तर त्या बहिणीने पुढे जावे. हीच पट्टी अरुंद विणली म्हणजे शास्त्रात खूण ठेवावयास चांगली होते. पहिली वस्तू म्हणून ती सर्वांनी करावी.

५. गोल काम

चार साखळ्या घालून सरकत्या टाक्याने जोडाव्या, म्हणजे कडे होते. मग तीन साखळ्या (हा पहिला खांब) व कड्यात आणखी अकरा खांब, असे बारा करून तिसऱ्या साखळीच्या टोकात सरकत्या टाक्याने जोडावे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक माथ्यात दोन खांब, म्हणजे चोवीस. तिसऱ्या फेरीत एका माथ्यात एक, पुढच्यात दोन असे आळीपाळीने, म्हणजे छत्तीस. प्रत्येक फेरीत बारा वाढले तर काम भाकरीसारखे सपाट राहते. बारांहून अधिक वाढविले तर कडेला झालर पडते. कमी वाढविले तर वाटीसारखे खोलगट होते. टोपी करणारीने योग्य रुंदी आली की वाढविणे थांबवावे. बाकीचे आपोआप खाली वळते.

६. इंग्रजी नावांचा घोटाळा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. छापील नमुने बहुधा इंग्रजीत असतात, आणि इंग्रजी नावे दोन प्रकारची आहेत : एक इंग्लंडची, दुसरी अमेरिकेची. शब्द तेच, अर्थ निराळे.

आपला मुका खांब अमेरिकेत 'सिंगल क्रोशे', इंग्लंडात 'डबल क्रोशे'.
आपला अर्धा खांब अमेरिकेत 'हाफ डबल', इंग्लंडात 'हाफ ट्रेबल'.
आपला खांब अमेरिकेत 'डबल क्रोशे', इंग्लंडात 'ट्रेबल'.
आपला दुहेरी खांब अमेरिकेत 'ट्रेबल', इंग्लंडात 'डबल ट्रेबल'.

म्हणजे कागदावर 'डबल क्रोशे' असे लिहिले असेल, तर तो मुका खांब की उंच खांब, हे त्या शब्दावरून कळत नाही. समजा, एका बहिणीने परगावच्या मागणीवरून बारा रुमाल विणले, आणि मागणी करणाऱ्याचा अर्थ दुसरा निघाला. रुमाल ठरलेल्या मापाचे भरणार नाहीत. दोरा तिचा, वेळ तिचा, डोळे तिचे, आणि माल परत. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी नमुना कोणत्या देशाच्या रीतीचा आहे हे विचारून लिहून घ्यावे. 'सिंगल क्रोशे' हा शब्द नमुन्यात वारंवार आला तर तो बहुतकरून अमेरिकेच्या रीतीचा समजावा. तरीही एक लहान तुकडा आधी विणून दाखवावा.

जिला इंग्रजी येत नाही तिच्यासाठी याहून चांगला मार्ग आहे. पुष्कळ नमुन्यांबरोबर खुणांचे चित्र असते. लांबट गोल म्हणजे साखळी. ठिपका म्हणजे सरकता टाका. फुली किंवा अधिकाचे चिन्ह म्हणजे मुका खांब. माथ्यावर आडवी रेघ असलेली उभी काठी म्हणजे अर्धा खांब. त्याच काठीच्या मध्यावर एक तिरपी रेघ असली तर खांब, दोन असल्या तर दुहेरी खांब. खांब व दुहेरी खांब ह्यांच्या तिरप्या रेघा म्हणजे आरंभी घ्यावयाच्या वेढ्यांची संख्या, हे ध्यानात ठेवले की चित्र आपोआप बोलू लागते. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा ह्या सहा खुणा एका बैठकीत शिकू शकते, आणि मग दूरदेशीचा नमुनाही तिला परका राहत नाही. उपदेशकांनी ह्या खुणा फळ्यावर मोठ्या काढून ठेवाव्या.

७. उसवण्याविषयी

क्रोशाच्या साध्या कामात एका वेळी एकच फास जिवंत असतो, तो सुईवरचा. दोन सुयांच्या विणकामात अनेक फास एकदम उघडे असतात; एक निसटला तर खालपर्यंत जाळे सुटत जाते. येथे तसे नाही. सुई काढून दोरा ओढला की टाके एकामागून एक, ज्या क्रमाने घातले त्याच्या उलट क्रमाने, सुटतात. जेथे चूक झाली तेथपर्यंत उसवावे, फास पुन्हा सुईवर घ्यावा, व पुढे चालावे. त्या अलीकडचे चांगले काम जसेच्या तसे राहते.

नवशिक्या बहिणीला उसवण्याची लाज वाटते. ती चूक तशीच ठेवून पुढे विणीत जाते व पुढच्या ओळीत एखादा टाका वाढवून ती झाकू पाहते. असे झाकलेले दहा ओळींनी उघडे पडते, आणि तेव्हा एका ओळीऐवजी दहा उसवाव्या लागतात. पश्चात्तापाविषयी आम्ही व्यासपीठावरून जे सांगतो, ते येथे हाताला शिकावयास मिळते : चुकीपर्यंत मागे जावे, लवकर जावे, आणि तेथूनच पुन्हा आरंभ करावा.

काम संपल्यावर दोरा एक वीतभर ठेवून कापावा, त्याचे टोक शेवटच्या फासातून ओढून घ्यावे, व ते शिवणाच्या सुईने टाक्यांत लपवावे. हे केले नाही तर सारे काम त्या एका उघड्या फासातून सुटू शकते.

८. श्रमाचे मोल

क्रोशाच्या सुईने संकटात कुटुंबे तारली आहेत. आयर्लंडात १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून मोठा दुष्काळ झाला. तेव्हा तेथील क्लोन्स गावी पाळकाची पत्नी कॅसांड्रा हँड हिने १८४७ च्या सुमारास गरीब बायकामुलींना क्रोशाची जाळी विणावयास लावून तिची विक्री चालविली. त्या गावाच्या नावाची जाळी आजही प्रसिद्ध आहे.

आपल्या देशात ह्या कामाचे मोठे ठिकाण म्हणजे आंध्र प्रदेशातील, गोदावरीच्या मुखाकडील, नरसापूर. स्कॉटलंडहून आलेल्या मॅक्रे नावाच्या मिशनरी दांपत्याने १८४४ साली त्या भागात ख्रिस्ती स्त्रियांना हे काम शिकविण्यास आरंभ केला, असे सांगतात. पुढे ते सर्व जातिधर्मांच्या हजारो घरांत पोहोचले, व २०२४ साली नरसापूरच्या क्रोशाच्या जाळीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

परंतु ह्या गोष्टीची दुसरी बाजूही मंडळीने ऐकली पाहिजे. मारिया मीस नावाच्या जर्मन विदुषीने नरसापूरच्या विणणाऱ्या स्त्रियांविषयी १९८२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तिला असे आढळले की व्यापार पुरुषांच्या हाती होता; दलाल दोरा घरोघर देत व माल उचलून नेत; एक बाई एक फूल विणी, दुसरी ते जोडी, आणि पुरी वस्तू कोठे व किती किमतीला विकली जाते हे दोघींनाही ठाऊक नसे. त्यांचे काम रिकाम्या वेळचा उद्योग समजले गेल्यामुळे मजुरी अत्यल्प राहिली. सुई शिकविली, पण हिशेब शिकविला नाही, तर काय होते ते ह्यावरून दिसते.

म्हणून प्रत्येक बहिणीने वही ठेवावी. किती तास लागले, दोरा किती रुपयांचा लागला, हे रोज लिहावे. उदाहरणार्थ, एका रुमालास सहा तास लागले, दोरा ४० रुपयांचा आणि मिळाले १०० रुपये, तर श्रमाचे ६० रुपये, म्हणजे तासाला १० रुपये. हा आकडा आपल्या गावच्या शेतमजुरीशी ताडून पाहावा, आणि मग काम घ्यावे की नाही ते ठरवावे. जिला लिहिता येत नाही तिची वही उपदेशकाने लिहावी. हीही सेवाच आहे. प्रेमाने कोणास भेट द्यावयाची असेल तर तेथे हिशेब नको. परंतु विक्री आणि भेट ह्यांची सरमिसळ करून कोणी आपले श्रम फुकट नेऊ पाहील, तर मजुराला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे हे शास्त्राचेच सांगणे आहे, हे विसरू नये.

आता दुर्कसेचा धडा. तिच्या तोंडचा एकही शब्द लूकाने नोंदलेला नाही. पेत्र माडीवर आला तेव्हा विधवांनी त्याला तिने केलेली वस्त्रे दाखविली. तीच तिची साक्ष होती. मुका खांब असाच असतो : तो उंच दिसत नाही, पण कापड घट्ट धरून ठेवतो. आमच्या खेड्यांतील मंडळ्या अशाच हातांनी धरून ठेविलेल्या आहेत. त्या हातांना त्यांच्या कामाचे शब्द आणि त्यांच्या श्रमाचे मोल ही दोन्ही मिळावीत, म्हणून हा पाठ.

वर्गासाठी प्रश्न

१. खांब विणताना पहिल्यांदा दोरा ओढल्यावर सुईवर किती फास असतात? अर्धा खांब येथून कसा वेगळा होतो?
२. पंधरा खांबांची पट्टी निमुळती होऊ लागली तर कोठे पाहावे?
३. गोल काम सपाट राहण्यासाठी खांबांच्या प्रत्येक फेरीत किती टाके वाढवावे? कमी वाढविल्यास काय होते?
४. 'डबल क्रोशे' ह्या शब्दाचे दोन अर्थ सांगा. काम घेण्यापूर्वी कोणता प्रश्न विचारावा?
५. चूक झाकण्यापेक्षा उसवणे हिताचे का?
६. आपण शेवटी विणलेल्या वस्तूस किती तास लागले? तासाला काय मिळाले? वहीत लिहून पुढील बैठकीस आणावे.